उजव्या हाताची साखर

"दोनशे एकतीस," सेवेकऱ्यानं माइकवर आकडा वाचला आणि लॉनवर बसलेल्या पाच-सहाशे लोकांनी एका सुरात हळहळ व्यक्त केली. व्यासपीठावर पाटावर बसलेला माणूस आमचा शेजारी सांडू होता. त्याचा चेहरा पार उतरला. मग महाराजांनी त्याची बोटं तांब्याच्या वाडग्यातल्या तीर्थात बुडवली, अकरा वेळा काहीतरी पुटपुटले, पंच्यानं बोटं नीट पुसली, आणि सेवेकऱ्यानं पुन्हा सुई टोचली.

"एकशे चौदा."

लोक टाळ्या पिटत उठून उभे राहिले. एका बाईला रडूच कोसळलं. चार मिनिटांत एकशे सतरानं साखर उतरली होती, तीही गोळी नाही, पथ्य नाही, चालणं नाही.

चितेगावच्या पुढं, पैठण रस्त्यालगतच्या एका लॉनवर दर गुरुवारी दुपारी हा सोहळा व्हायचा. महाराजांचं नाव मधुहरानंद. आवाज गोड आणि शब्द त्याहून गोड. "बेटा, डॉक्टर तुझं रक्त बघतो, मी रक्तामागचं रक्त बघतो," असं ते म्हणायचे. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवूनही रक्तामागं आणखी रक्त असतं हे मला कधी कळलं नव्हतं.

तिथले नियमही खास होते. आत शिरताच प्रसाद मिळायचा, गूळ-राजगिऱ्याचा मऊ लाडू. तो उजव्या हाताच्या पाचही बोटांनी कुस्करून खायचा, कारण बोटं म्हणजे पंचमहाभूतं. प्रसादाचा हात धुवायचा नाही, फक्त डोक्यावरून फिरवायचा. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या आमच्या शहरात 'पाणी वाया घालवू नका' म्हटलं की कुणी वाद घालत नाही. बोट टोचण्याआधी स्पिरिटचा बोळाही नाही, कारण महाराजांच्या मते ते मद्य होतं. आणि व्यासपीठाच्या कोपऱ्यात पाण्यानं भरलेला मोठा हंडा होता. बरं झालेल्यांनी आपली औषधं त्यात विसर्जित करायची आणि घरी जाताना महाराजांचं चूर्ण न्यायचं.

सांडूला तिथं कुणी ओढत नेलं नव्हतं. तो चिकलठाण्यातल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. दोन महिन्यांपूर्वी कंपनीच्या तपासणीत त्याची तीन महिन्यांची सरासरी साखर जराशी वर निघाली. डॉक्टर म्हणाले, मधुमेह झालेला नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर आहात; वजन उतरवा, रोज चाला, तीन महिन्यांनी या. सांडूनं त्यातला 'उंबरठा' तेवढा ऐकला आणि येताना साखर मोजायचं यंत्र घेऊन आला.

तेव्हापासून माणूस दिवसातून नऊ वेळा बोट टोचू लागला. प्रत्येक आकडा मला व्हॉट्सअ‍ॅपवर. "सर, ११८." "सर, १३६, नुसता उपमा खाल्लेला." एकदा एकाच मिनिटात दोन बोटं टोचली, तर उजव्या हाताच्या बोटात १२१ आणि डाव्याच्यात १३२. मग आजार डाव्या बाजूनं शिरतोय असं ठरवून तो उजव्या कुशीवर झोपायला लागला. भाकरी सोडली, भात सोडला, झोप सोडली. शेवटी कंपनीत चक्कर येऊन पडला. अशा माणसाला कुणी चार मिनिटांत ११४ दाखवला, तर तो त्याच्या पाया पडणारच. त्याला मी हसलो नाही. मी हसत होतो महाराजांना.

तर त्या गुरुवारी मी सांडूबरोबर गेलो होतो तो पितळ उघडं पाडायला. माझा पक्का सिद्धांत होता की महाराजांचं यंत्र बनावट आहे. म्हणून खिशात सांडूचं यंत्र घेऊन गेलो. टाळ्या थांबल्यावर उभा राहिलो आणि म्हणालो, "महाराज, आता माझी तपासा. पण या यंत्रावर."

महाराज हसले. "ये मास्तर. मशीन तुझं, बोट तुझं, रक्त तुझं. कृपा तेवढी आमची."

बोट मीच टोचलं. आकडा आला २०४.

मला मधुमेह नाही. महिन्यापूर्वीच तपासणी झाली होती आणि सगळं ठाकठीक होतं. वडिलांची आठवण आली, मधुमेहानं गेलेला त्यांचा पाय आठवला. मग तीर्थ, पुटपुटणं, पंचा. पुन्हा टोचलं. १०१. आणि मी, राजेंद्र सर, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचा अकरा वर्षं परीक्षक, मी चक्क हात जोडले. हे लिहिताना लाज वाटते, पण जोडले.

संध्याकाळपर्यंत त्याचा व्हिडिओ गावोगाव फिरला.

बायकोला मी काही सांगितलं नाही. सुलेखा सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं परिचारिका होती; तिच्यापुढं हे काढायची हिंमत नव्हती. पण मंगळवारी सकाळी सांडूच दारात आला.

"सर, अक्काचा फोन आल्ता. तिनं कालपासून इन्सुलिन बंद केलंय. येत्या गुरुवारी हंड्यात सोडणार म्हणती."

सत्यभामा ही सांडूची थोरली बहीण, बिडकीनला राहते. अकरा वर्षांपासून दिवसातून दोनदा इन्सुलिन घेते.

"तू सांगितलं नाहीस, बंद करू नको म्हणून?"

"सांगितलं की. ती म्हणती, तुपल्यावर माझा इस्वास नाय, पण मास्तरनं हात जोडलेले म्या डोळ्यानं पाह्यले."

स्वयंपाकघरातून सुलेखा बाहेर आली. "कुठल्या मास्तरनं?"

नाइलाजानं व्हिडिओ दाखवला. तिनं तो दोनदा पाहिला. ओरडली नाही. एवढंच विचारलं, "अहो, टोचण्याआधी हात धुतला होता का?"

"प्रसादाचा हात कुणी धुतं का?"

ती आत गेली आणि गुळाचा खडा घेऊन आली. म्हणाली, चिमटीत धरून खा. खाल्ला. लगेच त्याच बोटाला सुई. १९७. मग बेसिनवर साबणानं हात धुवायला लावले, कोरडे करायला लावले, पुन्हा सुई. १०३.

"यंत्राला रक्ताचा एक थेंब लागतो," ती म्हणाली. "बोटाला गूळ असला की तो थेंबात मिसळतो. यंत्र बिचारं इमानदार आहे, जेवढी साखर दिसली तेवढी सांगतं. ती रक्तातली का लाडवातली, ते त्याला काय कळणार? आमच्याकडे नव्या पोरींना पहिल्या दिवशी हेच शिकवतात."

सांडू खाली बसला. "म्हंजे माझी साखर दोनशेवर गेलीच नव्हती?"

"नव्हती. आणि हे तुझं नऊ वेळा टोचणं कशासाठी? साखर दिवसभर वरखाली होतच असते, माझीही होते. जेवलं की चढते, चाललं की उतरते, झोप झाली नाही, धास्ती घेतली की पुन्हा चढते. यंत्राचाही दहा-पंधराचा फरक धरायचा असतो. एकेका आकड्यामागं धावू नको. डॉक्टरांनी तीन महिन्यांची सरासरी बघतो म्हटलंय ना? मग तू चाल, वेळेवर जेव, आणि मोजायचं कधी ते त्यांनाच विचार."

सत्यभामाला लगेच फोन लावला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, तुमाला आता घरच्यांनी भरीला घातलं दिसतंय." फोन ठेवला. बिडकीनला गेलो तर घराला कुलूप. ती सेवेसाठी आधीच लॉनवर राहायला गेली होती. तिथं सेवेकऱ्यांनी गुरुवारपर्यंत आम्हाला फाटकातून आत सोडलं नाही.

गुरुवारी आम्ही तिघं पहिल्या रांगेत होतो. मला पाहून महाराजांना आनंदाचं भरतं आलं. हरलेला मास्तर म्हणजे त्यांची मोठी जाहिरात. "या मास्तर, लोकांना तुमचा अनुभव सांगा," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं मला माइक दिला. तो मी माझं बोलणं संपेपर्यंत परत दिला नाही.

"माझा अनुभव सांडूच्या बोटावर दाखवतो," मी म्हणालो. सांडू पाटावर बसला. प्रसाद खाऊन झालेला होता. सुलेखानं उजवं बोट टोचलं. २४६. लोक हळहळले. लगेच तिनं डावा हात धरला, ज्याला प्रसादाचा स्पर्शही नव्हता. १०८.

मी दोन्ही आकडे वाचले. "माणूस एक, मिनिट एक. तीर्थ नाही, मंत्र नाही. मग डाव्या हाताला कुणी बरं केलं?"

कुजबुज सुरू झाली. महाराज मात्र मुरलेले. "भक्तहो, डावं अंग शक्तीचं. तिथलं रक्त मुळातच शीतल असतं."

सुलेखानं मान डोलावली, जणू पटलंच. मग लाडूचा तुकडा सांडूच्या डाव्या बोटांवर चोळला आणि टोचलं. २६३. पिशवीतून बाटली काढून त्याचा उजवा हात धुतला, पुसला, टोचलं. १११.

"महाराज, शक्ती बाजू बदलून बसली की हो," ती म्हणाली. "आणि हे तीर्थ नाही. आमच्या कॉलनीत परवा आलेल्या टँकरचं पाणी आहे."

मागून कुणीतरी खो-खो हसलं आणि मग हशा आवरेना. सेवेकरी माइकच्या वायरकडे धावले. पण पुढच्या बायका उठून पिण्याच्या पिंपातलं पाणी घेऊन आपापले हात धुवायला लागल्या होत्या, त्यांना कोण अडवणार? दहा-बारा जणांची बोटं टोचून झाली. धुतलेला हात खरा आकडा सांगत होता, न धुतलेला लाडवाचा.

या गडबडीत सत्यभामा हंड्याजवळ उभी होती. हातात इन्सुलिनच्या पेनची पिशवी. सुलेखा तिच्याकडे गेली. तिचे दोन्ही हात धुतले, पदरानं पुसले आणि बोट टोचलं.

तीनशे अठरा.

"अक्का, ही लाडवाची नाही," सुलेखा हळू म्हणाली. "ही तुमची आहे. तीन दिवस औषध नाही, त्याची."

सत्यभामा यंत्राकडे बघत म्हणाली, "मला काय कळत नाय व्हय? काल रातीपासून तहान भागत नाय, डोळ्यापुढं धूसर दिसतंय. पण अकरा वर्सं सुया टोचतीया, बाई. प्वाट चाळणीवानी झालं. कुणी म्हणलं सुटली, तर वाटलं, सुटू द्या येक डाव."

तिला मूर्ख म्हणायचा अधिकार मला नव्हता. मी तिच्यासमोर जाऊन सांगितलं, "मी हात जोडले ते घाबरून. चूक माझी झाली. माझ्या भरवशावर तुम्ही औषध सोडलंत, मला माफ करा."

तिनं पिशवी सुलेखाच्या हातात दिली. आम्ही तिला लगेच रिक्षानं दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर अवघड होतं. तोवर लॉनच्या मागच्या फाटकातून एक पांढरी गाडी निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली, पहिली सही सांडूची.

वाचकहो, माझं सांगणं साधं आहे. चमत्कार दिसला तर नमस्कार करायची घाई करू नका. आधी दुसऱ्या हातावर करून बघा. माझ्यासारख्या शिकलेल्या माणसानं हात जोडले म्हणूनही विश्वास ठेवू नका. भीती वाटली की शिकलेलाही वाकतो. आणि कुणी कितीही गोड बोलो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका.

चौथ्या दिवशी सत्यभामा घरी आली. मी भेटायला गेलो तेव्हा ती जेवणाआधी इन्सुलिन घेत होती. सुई टोचताना तिनं डोळे गच्च मिटले, मग उघडले आणि मला म्हणाली, "दुखतंय, सर. पण ताट वाढा, मला लई भूक लागलीय."