बेलभंडारा आधी कुणी उचलायचा?

पाच वर्षांत तीन पक्ष फिरून आलेले बद्रीनाथभाऊ मतं मागायला टेंभुर्णीत आले. गळ्यातलं उपरणं इतकं कोरं की त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. खंडोबाच्या देवळात आम्हाला गोळा केलं अन् उलटे आमच्यावरच डाफरले, "मागच्या टायमाला तुम्ही लोकं फिरले! आता बेलभंडारा उचला अन् शपथ घ्या, मत मलाच देणार म्हणून."

आम्ही मुंड्या खाली घातल्या, आमची हीच खोड. दैवशालाबाईनं मात्र बेलभंडाऱ्याचं ताट त्यांच्याच पुढं सरकवलं. "आधी तुम्ही उचला, भाऊ. निवडून आल्यावर पक्ष बदलणार न्हाई, एवढंच बोला."

भाऊंनी झटकन हात मागं घेतला. म्हणले, "बाई, मी देवाला भेणारा माणूस हाये. खोटी शपथ मला जमायची न्हाई."