फायनल रविवारी असते

"बाबा, कुठे आहेस तू? मी दारासमोरच उभी आहे. पिवळं जाकीट घातलंय बघ."

पद्माकर वाकणकरांनी काकडी ओट्यावर ठेवली आणि फोन या कानावरून त्या कानावर घेतला. शनिवार होता, दुपारचा एक वाजला होता. फोनवर त्यांची लेक क्षिप्रा होती. ती डब्लिनला नोकरी करते.

"कुठल्या दारासमोर?"

"व्हिएन्नाच्या विमानतळावर. तुमचं विमान साडेसहाचं ना? सगळे बाहेर आले. आईची बॅग मिळत नाहीये का?"

"मी घरी आहे गं. कोशिंबीर करतोय."

क्षिप्रा हळूच म्हणाली, "आईने तुला अजून काहीच सांगितलं नाही?"

आणि मग एकेक बाहेर आलं. सिंगापुरात नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलातल्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं लोकांचं रक्त तपासून पद्माकर कालच निवृत्त झाले होते. त्यांना थक्क करायचं म्हणून त्यांच्या बायकोने, नीलिमाने, डिसेंबरपासून गुपचूप बेत रचला होता. युरोव्हिजनची फायनल, समोर बसून बघायची. तिकिटं क्षिप्राच्या फोनमध्ये, विमान आणि हॉटेल नीलिमाकडे. सिंगापूरचा लाल पासपोर्ट असल्यामुळे व्हिसाची भानगड नाही, म्हणजे नवऱ्याची सहीसुद्धा लागली नाही.

"आई म्हणाली, फायनलच्या दिवशी सकाळी साडेसहाला उतरतो. मग मी पुढे काय विचारणार?"

पद्माकरांनी बेडरूममधलं नीलिमाचं कपाट उघडलं. साड्यांखाली प्लास्टिकची फाइल होती. विमान आज रात्री अकरा पन्नासचं. उतरणार उद्या, रविवारी सकाळी. आणि फायनल आज.

आता युरोव्हिजन म्हणजे काय, ते सांगायला हवं. युरोपातले देश दर वर्षी एकेक गाणं घेऊन येतात. चांगले बापये पाठीला पिसांचे पंख लावून गातात, मागे आगीचे लोळ उठतात, मधेच कोणी पियानोवर चढून रडतं, आणि शेवटी सगळे देश एकमेकांना गुण देत बसतात. आपल्याकडच्या गाण्याबजावण्यातल्या माणसाने कपाळाला हात लावावा असा प्रकार. पण प्रयोगशाळेत कधी दात न दाखवणाऱ्या या माणसाचा त्यावर जीव होता. फायनल तिकडे शनिवारी संध्याकाळी, इकडे तेव्हा पहाटेचे तीन. पद्माकर जागत बसत नसत. रविवारी आठ वाजता अंघोळ करून रेकॉर्डिंग लावत. तोवर घरात कोणी फोन उघडायचा नाही, निकालाचं नाव काढायचं नाही. मध्यंतराला नीलिमा उपमा करायची. सव्वीस वर्षं हेच. त्यांच्या घरात 'युरोव्हिजनचा रविवार' असंच म्हणत.

"दुसरं विमान बघू का?" क्षिप्रा रडवेली झाली होती.

"आत्ता चांगी विमानतळावर धावत गेलो तरी विमानं बदलत तिथे पोचेपर्यंत मतमोजणी संपलेली असेल. तू जा. मैत्रीण असेल तिला घेऊन जा. आणि आईला फोन करू नकोस, मी बघतो."

फोन ठेवून ते पलंगावर बसले. त्यांना रडू येत होतं, आणि त्रेसष्टाव्या वर्षी पिसांच्या पंखांसाठी रडू यावं याची लाजही वाटत होती. नीलिमाचा रागही आला, चांगला पाच मिनिटं आला. एकदा विचारायचं तरी. पण विचारलं असतं तर थक्क काय कप्पाळ झाले असते? त्यांनी ठरवलं, निदान आजची संध्याकाळ तिची आहे, ती तिला मिळू दे. विमानात बसल्यावर सांगू.

नीलिमा लिटिल इंडियातून दीड वाजता आली, हातात शिंप्याची पिशवी. "ब्लाउज आणायला जाते" म्हणून गेली होती. वरणभात संपेपर्यंत तिने कसाबसा दम धरला, मग फाइल आणून त्यांच्या ताटाशेजारी ठेवली.

"उघड."

पद्माकरांनी उघडली. "अरे वा," ते म्हणाले. शेजाऱ्यांनी नवा फ्रिज घेतल्यावर म्हणतात तसं.

नीलिमाने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. पस्तीस वर्षांचा संसार, लपणार काय? "तुला कोणी सांगितलं?"

"क्षिप्राचा फोन होता. विमानतळावरून."

"आजच कशाला गेली ती विमानतळावर?"

पद्माकर ताटातली उरलेली शितं गोळा करत राहिले. नीलिमाने भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिलं, फाइलीकडे पाहिलं, पुन्हा कालनिर्णयाकडे.

"फायनल रविवारी असते," ती म्हणाली. "इतकी वर्षं रविवारीच असते."

"आपल्याकडे."

ती खुर्चीत बसली. "मी दहादा तपासलं रे. पासपोर्ट, तिथली थंडी, तुझ्या गोळ्या. वार नाही तपासला. वार काय तपासायचा त्यात?" आणि ती रडायला लागली, नाक ओढत, लहान मुलीसारखी.

"अगं, चूक माझी आहे. सव्वीस वर्षं तुझा रविवार मी घेतला. तू तिकडेही रविवारच धरून चाललीस, तर तुझं काय चुकलं?" त्यांनी उष्टा हात तसाच ठेवून डाव्या हाताने तिच्यापुढे पाणी सरकवलं. "मला वाटायचं, तू कंटाळून आत उपमा करत बसतेस."

"कंटाळूनच करायचे," नीलिमा नाक पुसत म्हणाली. "पण स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवून."

हे पद्माकरांना माहीत नव्हतं. त्यांनी शिंप्याच्या पिशवीकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "त्या पिशवीत काय आहे?"

"काही नाही. आता काय उपयोग त्याचा."

पिशवीत जाकीट होतं, बिनबाह्यांचं, मोरपिशी, गळ्यापासून खालपर्यंत टिकल्याच टिकल्या. पद्माकरांनी हात धुतले आणि ते घरच्या सदऱ्यावर चढवलं. पोटावरचं बटण लागायला जरा त्रास झाला, पण लागलं.

संध्याकाळी सातच्या एमआरटी मेट्रोत ते दोघं बॅगा पायांशी घेऊन बसले होते. डबा घरी परतणाऱ्या लोकांनी भरलेला. समोरच्या चिनी आजीबाई टिकल्यांकडे केव्हाच्या बघत होत्या. शेवटी त्यांनी सिंगापुरी इंग्रजीत विचारलंच.

"वा, अंकल, सो शायनी. गोइंग फॉर शो आह?"

"येस. व्हिएन्ना."

"सो फार. शो व्हेन?"

"टुनाइट."

आजीबाईंनी बॅगांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "टुनाइट? कॅन मेक इट मेह?"

"कॅनॉट," पद्माकर म्हणाले. "बट वी आर गोइंग."

आजीबाईंनी समजल्यासारखी मान हलवली. पद्माकरांच्या खांद्यावरची एक टिकली दोऱ्याने लोंबत होती. नीलिमाने ती बोटाने अलगद ओढून घेतली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.