भोकाची शिलिंगं

केझियाच्या बापाला माती देऊन चौदा दिवस झाले होते. अपेलिस आला तो भाड्याच्या गाडीतून, आणि येताना एक गोरा माणूस अन् एक वजनकाटा घेऊन आला.

केझिया अंगणात रताळी सोलत होती. ती भाजायला चुलीत दगड तापत पडले होते. तिनं मान वर केली, काटा बघितला आणि सुरी तशीच हातात धरून उभी राहिली.

"ताई, हे मिस्टर डन्स्टन. केर्न्सहून आलेत. जुनी नाणी घेतात," अपेलिस म्हणाला. "मामांची शिलिंगं बघायचीत त्यांना."

"बघायला काटा लागतो?"

अपेलिस हसला. पोर्ट मोर्सबीच्या ऑफिसात वीस वर्षं काढून त्याला हे हसू जमलं होतं. समोरच्यानं शिवी दिली तरी तक्रार अर्ज मिळाल्यासारखं हसायचं. "तू उगाच चिडतेस. शिलिंगांची कडी कुठं ठेवलीयस?"

"जिथं होती तिथंच. तुझ्या मामाच्या खाटेखाली."

अपेलिस तिचा आतेभाऊ. तिच्या बापाची, म्हाताऱ्या तोमारुमची, शिलिंगं आता त्याचीच होती, यात तिळभर शंका नव्हती. कूळ आईकडून चालतं. बापाचं असतं ते त्याच्या बहिणीच्या मुलांना जातं, पोटच्या लेकीला नाही. केझियाचं त्याबद्दल काही म्हणणंही नव्हतं. ती ज्या जमिनीवर उभी होती, ती जमीन आणि त्यावरची कोकोची झाडं तिला तिच्या मामाकडूनच मिळाली होती आणि मामाच्या पोरांनी तेव्हा हूं की चूं केलं नव्हतं. भांडायला तिच्याकडे कायदा नव्हता, रीत नव्हती. नुसता राग होता, आणि असल्या रागाला बसायला जागा नसते.

शिलिंगं तीन हजार सहाशे होती. चांदीची, मधोमध भोक असलेली. ऑस्ट्रेलियन सरकारनं इथल्या आपल्या राज्यात ती चालवली, आणि सहासष्ट साली नवे डॉलर आले तेव्हा जुनी परत मागितली. लोक बँकेपुढं रांगा लावत होते. तोमारुम मात्र सायकलवरून गावोगाव फिरला, नवे डॉलर देऊन भोकाची शिलिंगं घेत सुटला. लोकांना वाटलं, याला वेड लागलं. पण भोक असल्यामुळं ती इथं पैसा म्हणून चालणाऱ्या कवड्यांसारखी ओवता यायची. त्यानं ती वेतावर ओवली, एकेका वेतावर सहाशे, आणि वेत वाकवून चुंबळीएवढी सहा कडी केली. सुक्या केळीच्या पानांत गुंडाळली. म्हणाला, कवड्या वाडवडिलांच्या, ही माझी.

अकरा वर्षांपूर्वी त्याचा उजवा भाग लुळा पडला, तेव्हा केझियानं त्याला आपल्या घरी आणलं, सहाही कड्यांसकट. बायको तोवर गेलेली. अकरा वर्षांत अपेलिस तीनदा आला. तिन्ही वेळा बिस्किटांचा डबा आणला, खाटेच्या पायथ्याशी उभं राहून फोटो काढला आणि संध्याकाळच्या आत निघाला.

आता तो खाटेखाली वाकून कडी ओढत होता. एकेक कडं तीन किलोच्या वर. सहाही त्यानं ओट्यावर चटईवर मांडली. डन्स्टननं पानं उकलली, नाणी अंगठ्यानं फिरवली, चष्मा कपाळावर चढवला आणि इंग्रजीत काहीतरी पुटपुटला.

"ते म्हणतात, वेतासकट वजन धरता येणार नाही," अपेलिस म्हणाला. "कोयता दे ना ताई."

"माझा कोयता कोकोला आहे."

मग त्यानं ड्रायव्हरकडून मागून घेतला. पहिलं कडं तुटलं तेव्हा शिलिंगं चटईभर सांडली, काही ओट्याच्या फटीतून खाली धुळीत पडली. कोंबड्या धावल्या. केझियाच्या कानशिलात घण पडायला लागले. माळ तोडून वाटायची ती मर्तिकाच्या जेवणाला, सगळ्या कुळादेखत, नाव घेऊन घेऊन. आणि हा तोडतोय ड्रायव्हरच्या कोयत्यानं.

"काय भाव देतोय?" तिनं विचारलं.

"किलोला सहाशे किना."

"चांदीचा भाव काय चाललाय ठाऊक आहे तुला?"

"आहे ना. पण ही भोक पाडलेली आहेत, ताई. खराब केलेलं नाणं. ते म्हणतात, भोकं नसती तर दुप्पट दिले असते."

केझियाला हसू फुटलं, आणि ते हसू ऐकून अपेलिस एक पाऊल मागं सरला.

"अरे गाढवा! ती टांकसाळीतूनच भोकाची आली! राजाच्या टांकसाळीतून! भोकाशिवाय एक तरी शिलिंग होतं का या देशात? विचार त्याला. त्याला ठाऊक आहे. तुला ठाऊक नाही हे त्याला ठाऊक आहे!"

डन्स्टननं चष्मा खाली घेतला आणि काट्याची तबकडी पुसायला लागला. अपेलिस कानाच्या पाळीपर्यंत तापला. "तुला यात बोलायचा अधिकार नाही. मालक मी आहे. सहाशे तर सहाशे. मला परवा विमान आहे."

"विमान आहे," केझिया म्हणाली. तिनं सुरी टोपलीत फेकली आणि चालायला लागली.

आत्याचं घर चढावर, गिरिजाघराच्या मागं. वाटेवर ज्वालामुखीची राख घोट्याएवढी साचलेली; केझियाच्या पावलांनी ती उडत होती. आत्या पायरीवर बसून खलात सुपारी कुटत होती. दात नव्हते, पण सुपारी सुटली नव्हती.

"तुझा लेक बाबांची कडी तोडतोय."

"त्याचीच आहेत. तोडू दे नाहीतर ओवू दे." आत्यानं बोटानं चुना चाटला. "तुझ्या का पोटात दुखतंय?"

"दुखतंय! अकरा वर्षं दुखतंय, आज विचारतेस होय?" केझियाचा आवाज फाटला. "त्यांचं हगणं-मुतणं मी काढलं. शेवटचे सात महिने पाठीला भोकं पडली होती. माझी मूठ जाईल एवढी. दवाखान्यातली नर्स म्हणाली, हवेची गादी आणा, नऊशे किना. माझ्या कोकोला त्या वर्षी अळी लागलेली, शेंगा झाडावरच काळ्या पडल्या, नऊ किना नव्हते घरात. तुझ्या लेकाला फोन केला तर म्हणाला, या महिन्यात पोरांच्या फिया आहेत. बाबांना म्हटलं, एक कडं विकू या, एकच. तर म्हणाले, नाही, ती अपेलिसची. काथ्या पसरून निजवलं मी त्यांना, आत्या! काथ्या! चांदीच्या वर काथ्या, आणि काथ्यावर ते सडतायत!"

खलातला हात थांबला होता.

"मला ठाऊक आहे," आत्या म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"गादीचं." म्हातारीनं नजर राखेकडं वळवली. "तो म्हणाला होता मला. केझिया एक कडं मागतेय, देतो. मीच म्हटलं, नको देऊ. एक तोडलं की बाकीची टिकत नाहीत. अपेलिसला चार पोरं आहेत. म्हटलं, आपलं शरीर आता म्हातारं, गादीनं काय व्हायचं?"

"देतो म्हणाले होते?"

"म्हणाला होता."

केझिया उभीच राहिली. सात महिने, आणि वर हे चौदा दिवस, ती बापावर जळत होती. त्याला कुशीवर वळवताना, जखम धुताना, पेज भरवताना मनातल्या मनात म्हणत होती, लोभी म्हातारा, लेकीपेक्षा चांदी प्यारी. मातीवर फुलं टाकतानाही तिनं तेच म्हटलं होतं. आणि तो देतो म्हणाला होता.

तिनं आत्याच्या मांडीतला खल उचलला आणि अंगणातल्या फणसावर भिरकावला. सुपारीचा चोथा उडाला. लोखंडी बत्ता घरंगळत खड्ड्यात गेला. आत्यानं डोळे मिटले, जणू पुढचा तडाखा आपल्यालाच बसणार. केझियाचा हात उचललेला होताच. तो तिनं खाली घेतला.

"तू बाईमाणूस आहेस का कोण आहेस?" एवढंच ती म्हणाली आणि वळली.

मागून काठीची टकटक येत होती. आत्या येत होती. केझियानं चाल कमी केली नाही. म्हातारी धापा टाकत होती, थांबत होती, परत चालत होती, आणि केझिया एकदाही मागं वळली नाही.

ओट्यावर तीन कडी तुटलेली, तीन शाबूत. डन्स्टन नाणी पिशवीत भरत होता. आत्या पायऱ्या चढली, काठी भिंतीला टेकवली आणि थेट चटईवर, सांडलेल्या शिलिंगांच्या ढिगावर जाऊन बसली.

"आई, हे काय? व्यवहार ठरलाय!"

"कुणी ठरवला? माझा भाऊ मेलाय, मी मेले नाही अजून. कूळ माझ्यावरून चाललंय, तुझ्यावरून नाही." तिनं गोऱ्याकडं बोट रोखलं. "याला सांग, पिशवी ओत. तुझा बाप पहिला पगार याच भोकांतून दोरी ओवून गळ्यात घालून आला होता. खराब नाणी म्हणतो!"

डन्स्टननं थोडं समजावून बघितलं, मग सातशे म्हणाला, मग आठशे. म्हातारी हलली नाही. शेवटी त्यानं पिशवी चटईवर उपडी केली, काटा काखेत मारला आणि गाडीत जाऊन बसला. अपेलिस त्याच्यामागं पायरीपर्यंत गेला आणि तिथंच राहिला.

मग आत्यानं एक शाबूत कडं दोन्ही हातांनी केझियापुढं सरकवलं. "हे तुझं."

"आता?" केझिया म्हणाली. "आता कुणाची पाठ ठेवू त्यावर?"

तिनं पायानं कडं ढकललं. ते ओट्याच्या कडेवरून गेलं आणि धप्पदिशी अंगणात आडवं झालं. कुणीच ते उचलायला उठलं नाही.

"ताई, मला गादीचं नीट कळलं नव्हतं तेव्हा," अपेलिस हळू आवाजात म्हणाला.

"सरळ आपल्या बोलीत सांगितलं होतं मी. गादी म्हटलं होतं, जखम म्हटलं होतं. यातला कुठला शब्द अवघड होता?"

अपेलिस पायरीवरच खाली बसला.

"विकायचीच आहेत ना? मग मी विकते," ती म्हणाली. "तुमच्यासाठी नाही. बाबांनी पन्नास वर्षं जपली, आणि तुम्हा मायलेकांना ती धड विकताही येत नाहीत. पैसे तुमचे. पण असल्या चोराच्या काट्यावर मी ती चढू देणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. ओट्याखालची माती चाळून सांडलेली शिलिंगं काढली. शाळेच्या हेडमास्तरांच्या कॉम्प्युटरवरून पाच ठिकाणी पत्रं धाडली. एकानं उत्तरच दिलं नाही, एकानं पुन्हा भोकाचीच गोष्ट काढली; त्याला तिनं असं काही लिहिलं की हेडमास्तर म्हणाले, बाई, हे शाळेच्या पत्त्यावरून नको. शेवटी ब्रिस्बेनच्या एका बाईनं सालवार यादी मागितली. केझियानं तीन रात्री बसून नाणी सालांप्रमाणे लावली, पस्तीसची, छत्तीसची, अडतीसची, पंचेचाळीसची. ती बाई स्वतः आली, दोन दिवस बसून एकेक नाणं बघितलं आणि सगळ्यांचे मिळून बासष्ट हजार किना दिले. डन्स्टनच्या हिशेबानं बारा हजारही झाले नसते.

पैसे अपेलिसच्या खात्यात गेले. त्यातूनच मर्तिकाचं मोठं जेवण झालं. डुकरं आली, कवड्यांच्या माळा तुटल्या, वावावावानं, पसरल्या दोन हातांएवढ्या मापानं, वाटल्या गेल्या. मग अपेलिस उभा राहिला. हातात पाकीट होतं. "माझ्या केझियाताईनं मामांना फुलासारखं जपलं..."

"फुलासारखं नाही," केझिया जागेवरूनच म्हणाली.

माणसं जेवता जेवता थांबली.

"त्यांची पाठ सडली होती. वास येत होता. तू शेवटचा आलास तेव्हा तुलाही आला असता, पाच मिनिटं जास्त थांबला असतास तर." ती उठली, पुढं गेली आणि त्याच्या हातातून पाकीट घेतलं. "हे घेते. नाणी विकायला माझे तीन आठवडे गेले, त्याचं आहे हे. त्या अकरा वर्षांचं तू परत कुणापुढं बोलायचं नाही. एक शब्दही नाही."

अपेलिसनं मान हलवली. आत्या पानात बघत राहिली.

पाकिटात दोन हजार होते. केझियानं त्यातून पावसाच्या पाण्याची टाकी घेतली आणि कोकोची नवी रोपं लावली. अपेलिस त्यानंतर दर महिन्याला फोन करायला लागला. ती उचलते, हवापाणी सांगते, ठेवते. आत्याशी मात्र ती बोलत नाही. रविवारी गिरिजाघरात म्हातारी शेजारी सरकून जागा करते. केझिया उभ्यानं प्रार्थना करते आणि घरी जाते.