चाकणचा उठाव

मंगळवारी सकाळी लेफ्टनंट कर्नल प्रसित यांनी अर्धी भाकरी ताटात टाकून चिखलीतली भाड्याची खोली सोडली. पासपोर्ट नेला, इन्सुलिन घरमालकाच्या फ्रिजमध्येच राहिले.

घरमालक रोहिदास यांनी स्वरूपाला फोन केला. ती एका कंपनीच्या प्रयोगशाळेची प्रमुख. प्रसित त्याच कंपनीत थाई दुभाषे होते आणि जेवणाच्या सुट्टीत तिच्याकडून मराठी शिकत. मायदेशी सत्ताधारी सेनापतींविरुद्धच्या एका फसलेल्या बंडात ते सामील होते. तेव्हा त्यांना एका न्हाव्याने घरात लपवले. ते निसटले, न्हावी तुरुंगात मेला.

"मॅडम, तिकडच्या सरकारनं मानसं तर न्हाई धाडली?"

"पुरावा आहे का?"

"न्हाई."

"मग ते बाजूला ठेवू. सकाळी काय झालं, तेवढंच सांगा."

"काय व्हायचंय? ते न्याहारी करत व्हते, आमी फोनवर व्हतो."

रिक्षा स्टँडवर चौकशी केल्यावर तळेगाव स्टेशनचा पत्ता लागला. इन्सुलिन घेऊन दोघे तिथे पोहोचले. प्रसित फलाटाच्या टोकाला भिंतीला पाठ लावून बसले होते; ओठ कोरडे पडले होते. साखर तपासून त्यांनी स्वतःच इंजेक्शन घेतले.

"कर्नल, आमचं काय चुकलं?" रोहिदासांनी विचारले.

"माझ्यामुळे पोलीस तुमच्या घरी येतील," प्रसित व्याकरण सांभाळत सावकाश म्हणाले. "एक माणूस मेला. दुसरा नको. चाकणला सुरू झालं आहे. तुम्हीच म्हणालात."

"आमी?"

"फोनवर काय बोललात?" स्वरूपा म्हणाली. "जसंच्या तसं सांगा."

कारखान्यांना माल रचायचे लाकडी पॅलेट पुरवणे हा रोहिदासांचा धंदा. त्यांनी आठवून सांगितले, "पुतण्याला म्हनलं, चाकणला उठाव जोरात हाय, भोसरीत बी सुरू झालाय. आता गप बसून चालायचं न्हाई, मानसं गोळा कर."

मग ते हसत सुटले. "अवो कर्नल, पॅलेटं इकायला कुनी बंड करतं व्हय?"

प्रसित हसले नाहीत. पोलीस येणार नाहीत ना, हे त्यांनी दोनदा विचारले आणि मगच उठून रोहिदासांच्या गाडीत बसले.

मराठीत उठाव म्हणजे सत्तेविरुद्धचे बंड, आणि उठाव म्हणजे मालाला आलेली मागणी. प्रसित यांच्या पूर्वायुष्याविषयी बोलताना स्वरूपाने त्यांना पहिला अर्थ शिकवला होता. दुसरा कोणीच शिकवला नव्हता.