खांबाला झालेली कावीळ

वेसाव्याच्या बंदरावर त्या दिवशी मासळीच्या लिलावालाही नसते एवढी गर्दी होती. मधोमध खुर्ची, खुर्चीवर श्यामसुंदर महाराज, आणि समोर पिवळ्या डोळ्यांच्या माणसांची रांग. गल्लीतल्या नळात गटाराचं पाणी मिसळलं होतं, म्हणून घराघरात कावीळ. नळ दुरुस्त करायला कुणी आलं नाही. महाराज मात्र लगेच आले.

"आली वरून, जाईल खालून!" महाराज ओरडायचा. "गाठ माझी, गुण देवीचा! माळ बेंबीखाली उतरली की कावीळ उतरली!"

माळ हिरव्या काड्यांची, धाग्यात बांधलेली. डोक्यावर मुकुटासारखी घट्ट बसवायची. दुसऱ्या दिवशी ती कानांवर यायची, मग गळ्यात, मग छातीवर. कुणी हात लावत नव्हतं, तरी माळ वाढत होती. माझा शेजारी परेश पोटापर्यंत आलेली माळ घालून नवरदेवासारखा मिरवत होता.

"बघ, मंजुळाबाय! काविळीची वाट लागली की नाय?"

"गादीवर लोळून ऊस खाल्लास, बायकोने तुझ्या वाट्याची मासळीची पाटी डोक्यावर घेतली, म्हणून बरा झालास मेल्या. आणि हार माळेला?"

लोक हसले. महाराज हसला नाही. "बाई, श्रद्धा ठेव," म्हणाला.

"मासळी ताजी आहे का ते मी वास घेऊन बघते. तुझाही येतोय."

तेवढ्यात रांगेत मला निधी दिसली, आणि माझं हसू गेलं.

निधी आणि तिचा नवरा चंद्रप्रकाश माझ्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचे. तो उत्तर प्रदेशातून आलेला, परेशच्या बोटीवर खलाशी. ती वीस वर्षांची, आठवा महिना लागलेला. हळद लावल्यासारखी पिवळी झाली होती, आणि डोक्यावर ती माळ.

मी तिला हाताला धरून बाजूला घेतलं. "काढ ते. डॉक्टरकडे चल."

"नहीं मौसी," तिने माळेवर हात ठेवला. "माळ असताना सुई घेतली, गोळी घेतली, तर देवी कोपेल, महाराज बोले हैं."

"आणि तू काय करत होतास रे?" मी तिच्यामागे उभ्या चंद्रप्रकाशवर ओरडले. "पोटुशी बाई, आधी दवाखाना नाही सुचला?"

तो खाली बघत म्हणाला, "गए थे, मौसी. सरकारी दवाखाने की खिड़की पे बोला, आधार कार्ड गाँव का है, गाँव जाके दिखाओ. हम दो बार गए."

"आणि ह्या महाराजाने?"

"इन्होंने कार्ड नहीं माँगा."

मी चौथी शिकलेली बाई. पण बोलण्यात मला आजवर कुणी गप्प केलेलं नाही. मी दोघांच्या मागे लागले, खिडकीचं मी बघते, दवाखान्यात चला.

माझं पुन्हा पुन्हा सांगणं त्यांनी ऐकलं नाही. निधी रोज सकाळी दारात उभी राहायची, माळेला बोट लावून दाखवायची. "मौसी, कल यहाँ थी, आज यहाँ है." चेहरा असा खुललेला, की काय बोलायचं? माळ खाली येत होती हे तर माझ्या डोळ्यांनाही दिसत होतं.

मग मी महाराजाला थाप मारली. जुहूला बहीण आजारी आहे म्हणून एक माळ मागून आणली, आणि ज्या खांबाला आम्ही जाळी अडकवतो त्याला वरच्या बाजूला घट्ट बांधली. दुसऱ्या दिवशी ती सैल झाली. मग घसरली. मग इतकी वाढली की खांबाच्या बुंध्याशी लोळत पडली.

"विनिता!" मी सुनेला हाक मारली. "ये बघ गं, आपल्या खांबाला कावीळ झाली होती! बरा झाला!"

दोघी पोट धरून हसलो. तीच माळ घेऊन मी निधीच्या खोलीकडे धावले.

चंद्रप्रकाश दारात उभा होता, ओठांवर बोट ठेवून. "धीरे, मौसी. कितने दिन बाद ऐसी सोई है. माला पेट तक आ गई."

मी आत गेले. निधीला हलवलं. तिने डोळे उघडले, पण मला ओळखलं नाही. आईला काहीतरी सांगत होती, चुलीवरचं दूध उतू जातंय म्हणून. तिथे चूल नव्हती.

ती झोप नव्हती.

रिक्षातून मोठ्या इस्पितळात नेली. मी दारातूनच ओरडले, "आधी बाईला बघा, कागद मागाल तर याद राखा!" पण तिथल्या डॉक्टर मृणालिनींनी कागद मागितलाच नाही. निधीला आत घेतलं. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. म्हणाल्या, लिव्हर काम करेनासं झालंय, गरोदरपणात ही कावीळ जीव घेऊ शकते, अशी गुंगी आली की ते फार वाईट लक्षण. मग रागावून म्हणाल्या, "इतके दिवस का नाही आणलीत?"

"लाए थे, मैडम," चंद्रप्रकाश म्हणाला. "यहाँ नहीं. वो दवाखाने की खिड़की पे. कार्ड देखके लौटा दिया."

डॉक्टरीणबाई चष्मा काढून पुसत राहिल्या.

बाळ पोटातच गेलं. निधी त्याच्यामागून गेली. मृत्यूच्या दाखल्यावर पत्ता लिहिला माझ्या घराचा, वेसावे, मुंबई. जिवंत होती तोवर हा पत्ता कुणी मानला नाही.

मी बंदरावर गेले. महाराजाची गर्दी तशीच होती. मी खांबाची माळ वर धरली आणि सगळ्यांसमोर उकलून दाखवली. काड्या ओल्या कापायच्या, एकेका काडीला धाग्याचे वेढे घट्ट मारायचे. काडी वाळली की बारीक होते, वेढे सैल पडतात, सुटलेला धागा माळेला मिळतो. माळ माणसावर ठेवा, खांबावर ठेवा, लांब होणारच. आणि कावीळ बहुतेकांची आराम केला, धड पाणी प्यायलं, की आपली आपण उतरते. ज्यांची उतरत नाही, ते इथे माळ मिरवायला परत येत नाहीत.

"त्या खांबात बाधा होती!" महाराज म्हणाला.

"आणि निधीत काय होतं?"

"तिची श्रद्धा कमी पडली."

परेशने स्वतःच्या माळेची एक काडी मोडली. आतून ती पोकळ, वाळकी. त्याने माळ काढून पाण्यात टाकली, आणि महाराजाला खुर्चीवरून त्यानेच खाली ओढला. पोलीस आले, घेऊन गेले.

चंद्रप्रकाश गावी जायला निघाला, तेव्हा मी त्याला सांगितलं, महाराज आत गेला.

"और खिड़की वाला, मौसी?"

"त्याला कुणी धरलं नाही, रे," मी म्हणाले. त्याने कुठे जादू केली होती? नुसतं "नाही" म्हणाला होता.

म्हणून सांगते, नीट ऐका. डोळे पिवळे झाले तर दवाखान्यात जा. पोटुशी असाल तर त्याच दिवशी जा. कुणी माळ दिली तर आधी ती खांबाला बांधून बघा. आणि खिडकीने गावचं कार्ड म्हणून परत पाठवलं, तर परत फिरू नका. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय, आजारी माणसाला दारातून हाकलायचा हक्क कुणाला नाही. तिथेच बसा, आणि वेसाव्याला मंजुळाला निरोप धाडा. मी पाटी खाली ठेवून येते.