दोनशे तेरावे पान

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलांना पहिल्या वर्षी माणसाच्या शरीराची रचना शिकावी लागते. त्या विषयाला अ‍ॅनाटॉमी म्हणतात, आणि तो आम्हा तीन भावंडांत वाटलेला आहे. पहिल्या भागात हात आणि छाती, तिसऱ्यात डोके आणि मेंदू. मी दुसरा भाग. माझ्याकडे पोट आणि पाय. माझी भाषा इंग्रजी आहे, पण वाक्ये लहान आहेत. चित्रांत धमन्या लाल, शिरा निळ्या, नसा पिवळ्या. परीक्षेत झटपट काढता येतील अशी ती चित्रे आहेत, आणि माझे जे काही कौतुक झाले ते बहुतेक त्यांच्यामुळेच.

छापखान्यातून मी खोक्यात बसून बीड जिल्ह्यात आलो आणि आश्रुबाकाकांच्या दुकानात फळीवर उभा राहिलो. माझ्या एका बाजूला परदेशी ग्रंथ होता, माझ्या तिप्पट जाड. दुसऱ्या बाजूला एक पातळ पुस्तक होते; त्यात फक्त परीक्षेत येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे. प्रवेश झालेली मुले येत, कधी याला उचलत, कधी त्याला, आणि गोंधळून पुन्हा फळीवर ठेवत.

एक दिवस आष्टीकडचा समाधान आला. त्याचे सगळे शिक्षण मराठी शाळेत झालेले. त्याचा हात परदेशी ग्रंथावर होता.

"काका, सगळे म्हणतेत ह्योच खरा ग्रंथ हाय. ह्योच घेऊ का?"

"तिन्ही उघड बाळा, अन् अर्धं अर्धं पान मोठ्यानं वाच," आश्रुबाकाका म्हणाले. "ज्यात शेवटपर पोचशील, ते तुझं."

परदेशी ग्रंथात तो तिसऱ्या ओळीला थांबला. पातळ पुस्तक भराभर संपले, पण त्याने मान वर करून विचारले, "असं हाय म्हणतंय, पर कावून हाय ते सांगतच न्हाई की." माझ्यात तो दोनदा अडखळला आणि शेवटाला पोचला. मी त्याचा झालो.

समाधानने मला खूप वाचले. अवघड शब्दाच्या डोक्यावर तो पेन्सिलीने मराठी अर्थ लिही: तिरका, खाच, आवरण, गाठ. वर्ष संपेपर्यंत माझ्या प्रत्येक पानावर मराठी अक्षरांची एक बारीक ओळ फिरली होती. तो पास झाला. आता तो कुठल्याशा खेड्यातल्या दवाखान्यात रुग्ण तपासतो, असे मी ऐकले. कॉलेज सोडताना त्याने मला पहिल्या वर्षाला आलेल्या दिंद्रुडच्या वनमालाला दिले.

वनमाला अभ्यासू होती, पण परीक्षा जवळ आली की तिला काही सुचत नसे. वार्षिक परीक्षेच्या सकाळी ती मला घेऊन हॉलबाहेरच्या पायऱ्यांवर बसली. जांघेजवळ पोटाच्या भिंतीतून जाणारी एक तिरकी वाट असते. तिला इंग्वायनल कॅनॉल म्हणतात. हर्निया बहुधा उतरतो तो याच वाटेने. तिच्या चार भिंती वनमालाच्या डोक्यात बसेनात. बाकीची मुले दाराकडे सरकली. पुस्तके दूरच्या टेबलावर ठेवायची होती. तेव्हा तिने माझे दोनशे तेरावे पान शिवणीपाशी धरून ओढले, दाराशी पोचेपर्यंत ते वाचले आणि चौघडी करून अ‍ॅप्रनच्या खिशात घातले.

आत तिने ते बाहेर काढले नाही, हे मला सांगितले पाहिजे. नक्कल करणारी ती नव्हती. संध्याकाळी चिकटवू, असे तिच्या मनात होते. पण अ‍ॅप्रन बादलीत भिजायला गेला आणि पानाचा लगदा झाला. तिला एक दिवस वाईट वाटले. पुढे निकाल लागला, ती पास झाली आणि पान विसरली.

मला दुखले असे मी म्हणणार नाही. पुस्तकाला दुखत नाही. एक पान कमी झाले, एवढेच.

त्यानंतर दीड वर्ष मी वसतिगृहात कपाटावर पडून होतो. कुणीतरी माझ्यावर गरम इस्त्री ठेवली. तिचा तपकिरी डाग माझ्या पाठीवर आहे.

मग युसूफ वडगाव या गावातली पंचशीला पहिल्या वर्षाला आली. तिची आई भिमाबाई अंगणवाडीत सेविका. मुलीला खोलीवर सोडायला त्या आल्या होत्या आणि पत्र्याची पेटी उघडून कपडे लावत होत्या. खोलीतली दुसरी मुलगी स्वप्नाली. तिच्या टेबलावर तो परदेशी ग्रंथ ऐटीत उभा होता. वनमाला आता वरच्या वर्गात गेलेली. नव्या मुलींना कोणती पुस्तके घ्यावीत हे सांगायला ती मला घेऊन खोलीत आली.

"जुनं कावून घेती गं?" स्वप्नाली म्हणाली. "माझ्या फोनातच बारा पुस्तकं हायत. तुला पाठवते."

"बारा वाचून कधी व्हायची?" पंचशीलाने मला उघडले. पेन्सिलीतले मराठी शब्द पाहून ती पलंगावर बसली आणि वाचतच राहिली.

"हेच घे," वनमाला म्हणाली. "समदं हाय यात."

हे ती खोटे बोलली नाही. ती खरोखर विसरली होती. भिमाबाईंनी पेटीच्या तळाशी अंथरलेला खाकी कागद काढून मला नवे कव्हर घातले.

पंचशीला मला ओळीने वाचू लागली, एकही पान न गाळता. दोनशे बारावे पान पूर्णविरामावर संपते आणि दोनशे पंधरावे नव्या मथळ्याने सुरू होते. म्हणून मध्ये काही तुटले आहे हे तिला कळले नाही. ज्या दिवशी वर्गात तो भाग शिकवला, त्या दिवशी ती तापाने पडून होती.

पहिली तोंडी परीक्षा अ‍ॅनाटॉमी शिकवणाऱ्या घोळवे मॅडमनी घेतली. मी पंचशीलाच्या पिशवीत होतो. तिने पायाचे सगळे नीट सांगितले. मग मॅडमनी इंग्वायनल कॅनॉलच्या भिंती विचारल्या. पंचशीलाला त्या माहीतच नव्हत्या.

"कोणतं पुस्तक वाचतेस?"

तिने माझे नाव सांगितले.

"त्यात हे चांगलं दोन पानभर दिलंय."

"नाही मॅडम. माझ्या पुस्तकात नाही."

मागची मुले हसली. मॅडमचा चेहरा बदलला. "वाचलं नाही तर वाचलं नाही म्हण. खोटं बोललेलं मला चालत नाही. जा."

पायाची उत्तरे बरोबर असूनही तिला शून्य मिळाले. खोलीवर येऊन तिने मला मांडीवर घेतले आणि पहिल्यांदा आकड्यांवर बोट ठेवले. दोनशे बारा. दोनशे पंधरा. शिवणीत कागदाची एक दातेरी कड राहिली होती. तिने आईला फोन लावला.

"आई, मॅडम मला सगळ्यांसमोर खोटी म्हणल्या."

"मग पुस्तक दाव की त्यांना," भिमाबाई म्हणाल्या.

"दावलं तर विचारतील कुणी फाडलं. वनमालाताईनं इतक्या मायेनं दिलंय मला."

भिमाबाई म्हणाल्या, "आधी तिलाच विचार, पंचे. कुणाचं नाव घ्यायच्या आधी त्याच्याशी बोलावं."

पंचशीलाने विचारले. वनमालाने ती कड पाहिली आणि तिला सगळे आठवले. मी तिच्या हातात होतो; तिने मला पटकन मिटले. पण ती म्हणाली, "मला न्हाई ठाऊक गं. माझ्याआधी समाधानदादाचं होतं."

मित्रांनो, मला त्या वेळी बोलता आले असते तर मी बोललो असतो. पुस्तकात जे छापले आहे तेच पुस्तक सांगू शकते. जे फाडले आहे ते त्याला सांगता येत नाही.

दुसऱ्याच दिवशी मुलांनी पंचशीलाचे नाव 'पुस्तकात नाही' असे ठेवले. भोजनगृहात ती भाजी वाढून घ्यायला गेली की मागून कुणीतरी म्हणे, "पुस्तकात न्हाई बे!" ती कोपऱ्यात बसून जेवू लागली. वनमालाला हे रोज दिसत होते. चौथ्या दिवशी ती ताट तसेच ठेवून उठली आणि पंचशीलासमोर येऊन उभी राहिली.

"म्याच फाडलं ते पान. परीक्षेच्या दिवशी. तुला खोटं सांगितलं. समाधानदादाचं नाव उगंच घेतलं. पुस्तक घे अन् चल माझ्यासंगं."

"ताई, राहू दे आता."

"न्हाई. चल."

घोळवे मॅडमनी मला टेबलावर उघडे ठेवले आणि त्या दातेरी कडेवरून बोट फिरवले. वनमालाने सगळे सांगितले, कुठे थांबली नाही.

"मी तुला खोटी म्हणाले ते चुकलं," मॅडम पंचशीलाला म्हणाल्या. "सगळ्यांसमोर म्हणाले, म्हणून उद्या वर्गातही हे सांगेन. तुझी तोंडी परीक्षा पुन्हा घेईन." मग म्हणाल्या, "पण एक सांग. उद्या रुग्णाच्या फाइलमधला एक कागद गेलेला असेल, तर तो गेलाय हे तुला कोण सांगणार? फाइल तर सांगणार नाही."

"मलाच बघावं लागेल, मॅडम."

"आणि तू," त्या वनमालाकडे वळल्या, "आज खरं बोललीस, चांगलं केलंस. चार दिवस आधी बोलायला हवं होतंस."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी शब्द पाळला. ते टोपणनाव लगेच गेले नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर गेले. वनमालाने ग्रंथालयातल्या प्रतीवरून दोन्ही बाजू हाताने लिहून काढल्या, आकृत्यांसकट, आणि माझ्यात चिकटवल्या. तिचे अक्षर माझ्या छापील अक्षरापेक्षा थोडे मोठे आहे. पुन्हा झालेल्या तोंडी परीक्षेत पंचशीलाने चारही भिंती सांगितल्या. वर्षाअखेर ती पास झाली. फार वरच्या क्रमांकाने नाही, पण पास झाली. वनमाला आणि ती अजून बोलतात. पहिल्यासारखे नाही, जरा जपून.

यंदा मोहिनी नावाची नवी मुलगी आली. तिने विचारले, "ताई, कोणतं पुस्तक घेऊ?"

"नवी आवृत्ती घे," पंचशीला म्हणाली. "यात काही गोष्टी जुन्या झाल्यात. हे शेजारी ठेव, मराठी शब्दांसाठी." आणि मला हाती देण्याआधी ती मोहिनीबरोबर फरशीवर बसली. दोघींनी पहिल्यापासून शेवटपर्यंत माझी पाने मोजली.

मी आता मोहिनीच्या टेबलावर, नव्या पुस्तकाशेजारी असतो. ती मला क्वचितच उघडते. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मित्रांनो, पुस्तक निवडताना ते किती जाड आहे हे पाहू नका, आपण ते किती वाचू शकू हे पाहा. जुने घ्याल तर पाने मोजून घ्या. आणि कधी घाईत एखादे पान फाडावेसे वाटले, तर हात थोडा आवरा. तुम्हाला ते पान एका सकाळपुरते हवे असते. ज्याला ते खरोखर लागणार आहे, तो अजून आलेला नसतो.