मागचा डावा स्पीकर

एर्मेकने ड्रिल भिंतीला टेकवून बटण दाबलं. चुन्याची धूळ त्याच्या भुवयांवर बसली, आणि तेवढ्यात भिंतीच्या पलीकडून काठी वाजली. ठक, ठक, ठक.

"आलं बोलावणं," शिडी धरून उभा असलेला जेन्तिश म्हणाला. "जा दाजी. नाहीतर म्हातारा याच भोकातून शिव्या घालेल तुम्हाला."

जेन्तिश हा एर्मेकच्या बायकोचा धाकटा भाऊ. दाजीची टर उडवणं हा आमच्या काराकोलमध्ये मेहुण्याचा हक्कच असतो, आणि जेन्तिश तो पुरेपूर वसूल करी. एर्मेक शिडीवरून उतरला आणि डोक्यावरची धूळ झटकत शेजारी गेला.

एकाच पत्र्याखाली ती दोन घरं होती आणि मधली भिंत दोघांची मिळून एक. पलीकडे इमानकुल-आबा आणि साकिन-आपा राहायचे. हिवाळ्यापासून आबांचे गुडघे पार गेले होते, त्यामुळे त्यांचा पलंग भिंतीला लावला होता आणि काठी उशाशी असायची. चहा झाला, बातम्या लागल्या, करमत नाही, सगळ्याला एकच खूण. काठी वाजली की एर्मेकने जायचं. तो लहान असताना त्याची आई कारखान्यात पाळीवर जायची तेव्हा हेच दोघं त्याला जेवू घालायचे, त्यामुळे यात कुणाला काही विशेष वाटत नसे.

"माझ्या कानात भोक पाडतोयस की भिंतीत?" आबांनी विचारलं.

"स्पीकर लावतोय, आबा. मागचा डावा. संध्याकाळी उचलून नेतो तुम्हाला, मानाच्या जागी बसवतो आणि सिनेमा दाखवतो."

"मला कशाला उचलतोस? इथूनच ऐकू येईल. अख्ख्या गल्लीला ऐकू येईल."

साकिन-आपा आरशासमोर पांढरा रुमाल बांधत होत्या. आक-सू गावात त्यांच्या बहिणीच्या नातवाला आज पहिल्यांदा पाळण्यात घालायचं होतं, त्याची मोठी मेजवानी होती. बाहेर टॅक्सीवाला भोंगा वाजवत होता.

"जा, जा," आबा म्हणाले. "तुझ्यावाचून पाळणा हलायचा नाही."

आपांनी पिशवी उचलली. दारात मात्र त्या थांबल्या आणि एर्मेकच्या बाहीवरचा चुना झटकत म्हणाल्या, "अंधार पडला की येतेच मी. तोवर म्हाताऱ्याकडे कान असू दे."

"तुम्ही खुशाल नाचून या, आपा. मी आहे ना भिंतीला."

मॉस्कोत परक्या लोकांच्या घरांना गिलावा करताना एर्मेकने एका दिवाणखान्यात ही चारी बाजूंनी आवाज देणारी चीज पहिल्यांदा ऐकली होती. मालक सिनेमा लावून बसला होता, आणि खांद्यावर गिलाव्याची बादली घेतलेल्या एर्मेकला आपल्या पाठीमागे पाऊस पडतोय असं वाटून त्याने चक्क मागे वळून पाहिलं होतं. मालक हसला होता. ते हसणं त्याच्या मनात राहून गेलं. गावी परतल्यावर बिश्केकच्या बाजारातून त्याने तो खोका आणला, आणि सरोवराच्या काठाकाठाने येणाऱ्या गाडीत सगळी वाट मांडीवर धरून बसला. डिकीत ठेव म्हटलं तर ड्रायव्हरवर खेकसला.

दुपारभर दोघांनी तारा ओढल्या. एर्मेकची बायको गुलजात स्वयंपाकघरातून अधूनमधून डोकावून विचारायची, "माझ्या गाद्यांचा ढीग कुठे गेला?" आणि जेन्तिश म्हणायचा, "ताई, आवाजाला जागा लागते." संध्याकाळी भावकीतली चारसहा माणसं जमली. नवी वस्तू पहिल्यांदा बघायची तर हातावर काहीतरी ठेवावं लागतं, म्हणून कुणी कापड आणलं, कुणी साखर. जेन्तिशने आणलेलं मोज्यांचं पाकीट त्याने असं मिरवून दिलं की जणू घोडाच देतोय.

आबांना आणायला एर्मेक गेला. ते पडून होते.

"आज नको," ते म्हणाले. "छातीत जळजळतंय जरा. तिने जाताना तळलेलं खाऊ घातलंय. तू जा, तुझी माणसं खोळंबलीत."

"लागलं तर वाजवा."

"वाजवीन की."

सिनेमा युद्धाचा होता. सुरुवातीलाच विमानं डोक्यावरून मागच्या भिंतीत घुसली आणि बायकांनी कानांवर हात ठेवले. सगळे खूष झाले. मग पडद्यावर एक झोपडी आली, आत एक बाई आणि तिची मुलं श्वास रोखून बसलेली, आणि दार वाजलं. एर्मेक उठला. तो दाराशी पोचून "कोण आहे?" म्हणेपर्यंत कुणाच्या काही लक्षात आलं नाही, आणि आलं तेव्हा खोलीत असा काही हशा पिकला की सिनेमा थांबवावा लागला.

"दाजी, जर्मन आलेत, त्यांना चहा विचारा!" जेन्तिश डोळे पुसत म्हणाला. "स्वतःच आणलं आणि स्वतःच फसले!"

एर्मेकही हसला. पण कान लाल झाले होते. आपल्याच घरात, पाहुण्यांसमोर, आपल्याच वस्तूने त्याला पुन्हा बादलीवाला केलं होतं.

म्हणून बऱ्याच वेळाने डावीकडून, पाठीमागून पुन्हा ठकठक झाली तेव्हा तो हलला नाही. उलट सगळ्यांत आधी तोच हसला.

"आता नाही फसायचा," त्याने जेन्तिशला कोपर मारून सांगितलं.

"पण काय खरं वाटतं हो!" जेन्तिश म्हणाला. "अगदी भिंतीतून आल्यासारखं."

आणखी एकदा झाली. मग झाली नाही.

जेवणं चालू होती, सिनेमा संपून गेला होता, आणि बायका हाडांच्या थाळ्या उचलत होत्या, तेव्हा पलीकडून साकिन-आपांचा आवाज आला. आमच्याकडे मेलेल्या माणसाचं नाव घेऊन बायका रडगाणं गातात. त्याचा पहिला सूर कानावर पडला की हातातलं टाकून धावायचं, विचारायचं नाही. एर्मेक सगळ्यांच्या पुढे होता. पुरुषांनी दारात शिरताना मोठ्याने हाका मारत रडायचं असतं. "अहो माझ्या आबा, मला सोडून कुठे गेलात!" असं ओरडत तो आत गेला. पलंगापाशी पोचला तेव्हा त्याचा आवाज बंद झाला. आबांच्या हातात काठी होती.

पुढचे दिवस एर्मेक बसला म्हणून नाही. अंगणात मयताची राहुटी त्याने उभी केली, जेवणासाठी कापायचा घोडा त्यानेच आणला, कबरीत उतरून माती त्याने ओढली. नमाजाआधी वडीलधाऱ्याने रिवाजाप्रमाणे विचारलं, "हा कसा माणूस होता?" आणि जमाव एका आवाजात म्हणाला, "चांगला होता." एर्मेकचे ओठ नुसते हलले. दूरचे पाहुणे शेजाऱ्यांच्या घरी उतरवतात. त्याच्या मोठ्या खोलीत नारीनहून आलेले म्हातारे उतरले. गुलजातने स्पीकरांवर चादरी घातल्या होत्या. त्या झाकलेल्या स्पीकरांखाली म्हातारे झोपत आणि सकाळी म्हणत, "असा शेजारी मिळायला नशीब लागतं."

एर्मेक ते ऐकायचा आणि लाकडं फोडायला बाहेर जायचा. फोडायला लाकडं उरली नव्हती तरी जायचा.

एकच आशा त्याने धरून ठेवली होती. कदाचित ती ठकठक सिनेमातलीच असेल. पाहुणे पांगले त्या दुपारी गुलजात आपांकडे पीठ मळायला गेली, तेव्हा त्याने खोलीला आतून कडी घातली. शेजारी मयत झालेलं असताना घरात आवाज करणं म्हणजे माणुसकी सोडणं, हे त्याला ठाऊक होतं. त्याने आवाज अगदी बारीक केला, खुर्चीवर चढून मागच्या डाव्या स्पीकरची चादर बाजूला सारली आणि त्याला कान लावला. झोपडी आली. दार वाजलं. मग बाई मुलांना घेऊन बर्फातून निघाली. ठकठक झाली ती हीच जागा. पडद्यावर क्षितिजापर्यंत उघडं माळरान होतं. स्पीकरमधून वारा तेवढा येत होता.

त्याने ती जागा पुन्हा लावली. उघड्या माळावर दार कुठून असणार? हे त्याच दिवशी आपल्याला का दिसलं नाही, असं त्याला झालं. तो खुर्चीवरून उतरला आणि जमिनीवर बसून रडला. या वेळी रिवाज म्हणून नाही.

गुलजात आली तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. तिने पिठाचे हात ॲप्रनला पुसले.

"आपांना सांगा," ती म्हणाली. "जन्मभर भिंतीपलीकडे राहायचंय त्यांच्या. मनात ठेवलंत तर तुम्हाला त्या घरात पाय टाकता येणार नाही."

"हाकलून देतील."

"देऊ दे."

सातव्या दिवसाच्या जेवणाला तो हेच ठरवून गेला. मानाच्या जागी म्हातारी मंडळी बसली होती, खाली जेन्तिश आणि बाकीचे. साकिन-आपा काळ्या कपड्यांत बसल्या होत्या. आठवड्याभरात त्यांचा चेहरा मुठीएवढा झाला होता. थाळी त्यांच्यापुढे तशीच होती. बायका सांगत होत्या की चहापलीकडे त्यांनी काही घेतलेलं नाही. एर्मेक त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"आपा, मला तुम्हाला काही सांगायचंय."

"आधी मला विचारू दे," त्या म्हणाल्या. "सात दिवस विचारायचं धाडस होत नाहीये."

लोक बोलायचे थांबले.

"नको जाऊ म्हणाला होता मला. सकाळी. तुझ्यासमोर थट्टा केली, पण त्याआधी नको जाऊ म्हणाला होता, बरं वाटत नाही म्हणाला. मी म्हटलं, तू काय तान्हं बाळ आहेस का? तिकडे मी नाचले, एर्मेक. या वयात. तेव्हा तो इथे काठी धरून..." त्यांनी एर्मेकचं मनगट पकडलं. "तू भिंतीला होतास. खरं सांग. त्याने वाजवली का? हाक मारत गेला का तो? की डॉक्टर म्हणतो तसा झोपेतच गेला?"

एर्मेकने त्यांच्याकडे पाहिलं. ओठांवर आलेलं सगळं तयार होतं, एका दमात संपलं असतं, आणि त्याला मोकळं वाटलं असतं. पण ते या बाईच्या पदरात पडलं असतं आणि ती ते रोज पहाटे उघडून बघत बसली असती. खाली जेन्तिशने हातातली भाकरी मोडायची थांबवली होती.

"नाही, आपा," एर्मेक म्हणाला. "नाही वाजवली."

"नक्की?"

"वाजवली असती तर मी आलो नसतो का?"

हे दुसरं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. ते आपणहून आलं, आणि इतकं सहज आलं की त्याचीच त्याला भीती वाटली.

साकिन-आपांनी मनगट सोडलं. त्यांचा श्वास खोलवरून बाहेर आला. मग त्या मानाच्या जागेकडे वळल्या.

"तुम्ही सगळे ऐका. माझ्या मनात पाप होतं. मला वाटायचं, याने ऐकलं आणि याच्या खेळापायी हा उठला नाही. सात दिवस हा माझ्या दारात राबत होता आणि मी याला मनातून शाप देत होते." त्या पुन्हा त्याच्याकडे वळल्या आणि त्यांनी डोकं खाली केलं. "मला माफ कर, लेकरा. माझ्यावर राजी हो, मनात काही ठेवू नकोस."

"आपा, नका..."

"मयताच्या घरी मागितलंय तिने," एक म्हातारा म्हणाला. "नाही म्हणू नये. बोल, राजी आहे म्हण."

खोलीतले सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. जेन्तिश तेवढा सतरंजीकडे बघत होता.

"राजी आहे," एर्मेक म्हणाला.

"आमीन," म्हाताऱ्यांनी तोंडावरून हात फिरवले आणि लोक पुन्हा बोलू लागले, वाट्या फिरू लागल्या. साकिन-आपांनी थाळी पुढे ओढली. बायका एकमेकींकडे बघून हलकेच हसल्या. आपांनी आधी स्वतः खाल्लं नाही. मांसाचा नि शेवयांचा मूठभर घास केला, रीतीप्रमाणे लहानाला भरवतात तसा एर्मेकच्या तोंडात दिला, आणि तो गिळेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिल्या.